पी यू सी सी ए

फॉर्मच्या चौथ्या कॉलमात एक विशेषण आहे.
पहिल्या पानावर त्याचं स्पेलिंग पी यू सी सी ए,
मागच्या पानावर पी यू डबल के ए,
आणि सोबतच्या परिपत्रकात यू गायब.
तिन्हींखाली सही एकाच साहेबांची.

मानखुर्द, मंडाला, गल्ली नंबर अकरा.
मी लंगड्या स्टुलावर, एक टाच जमिनीत रोवून.
शेषाबाई घोडेस्वार पिठाच्या हातांनीच म्हणाल्या,
विचारा काय ते.

धम्मदीपा, नववी ब, माझ्या खांद्यावरून वाचत होती.
"सर, पुक्का म्हणजे?"
पुक्का नव्हे गं, पक्का.
"मग यू कशाला?"

यू कशाला.
आठवलं तेवढं सांगितलं:
गोरे साहेब आले, त्यांनी तो ऐकला
इथल्याच कुणा गवंड्याच्या, कुणा वाण्याच्या तोंडून.
कटमध्ये यू, बटमध्ये यू,
म्हणून पक्क्यातही बसवला यू.
मग बोटीतून घरी नेला.
तिकडे तो चांगलाच बाळसं धरून बसला,
अस्सल, खानदानी, एक नंबर, असे अर्थ लागले त्याला.
आणि इकडे तोच फॉर्मात आला परत,
यू काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

"म्हणजे आपलाच?"
आपलाच. त्याच्याही आधी पक्व.
पक्वान्नातला. म्हणजे शिजलेलं, पिकलेलं.

शेषाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.
"शिजलेलं म्हणता?
मे महिन्यात या पत्र्याखाली
आम्ही दुपारभर शिजतो चौघं.
तेवढ्यावर नाही का होत घर पक्कं?"

सूचना क्रमांक सात: स्लॅब नसल्यास कच्चे समजावे.
भिंती विटांच्या, तीन.
चौथी शेजाऱ्यांची, तिला यांनी फक्त गिलावा दिलाय.
वर पत्रा, पत्र्यावर दोन टायर आणि एक फुटका कमोड,
वाऱ्याने उडू नये म्हणून.
खाली खाडीचा भराव.
वीस वर्षांत जमीन हातभर खचली,
तेवढी ओटी वर घेतली, दर दिवाळीला थोडी थोडी.
यासाठी कॉलम नाही.

चोर पक्का असतो. वैरी पक्का असतो.
साडीचा रंग पहिल्या धुण्यापर्यंत पक्का असतो.
माणसाच्या घरालाच एवढे पुरावे का लागतात,
हे मी बोललो नाही. मी पेनाचं टोपण चावलं.

"सर, तुम्ही पक्के आहात का?"

गळ्यातलं कार्ड तिने आधीच वाचलेलं होतं.
कालावधी अकरा महिने.
मग एक दिवसाचा खंड, त्या दिवशी मी घरी झोपतो,
मग पुन्हा अकरा.
असं सहाव्यांदा.

"म्हणजे कच्चा लिंबू,"
ती म्हणाली. हसली नाही.

कच्चा लिंबू.
सगळ्यांबरोबर धावायचं, धापा टाकायच्या,
आऊट झालं तरी आऊट नाही,
आणि राज्य कधीच आपल्यावर येत नाही.
याचं स्पेलिंग कुठल्याच साहेबाने केलेलं नाही.

चौथा कॉलम मी पेन्सिलीने भरला, पुसता येईल असा.
काय भरलं ते इथे सांगत नाही.
शेषाबाईंनी अर्धी भाकरी पुढे केली, वर ठेचा.
कडेला जराशी कच्ची होती.
तसं मी म्हटलं नाही.