न विचारलेला हात

पहिल्यांदा अंगठा उडाला तेव्हा इंगोलेकाका म्हणाले,
मी नाही हलवला.
म्हटलं, बरोबर आहे, मी हलवला.
डाव्या कानाच्या चार बोटं वर
आठाच्या आकड्याची कॉइल धरून मी टक करते
आणि उजवा अंगठा उडतो,
झोपेत माशी बसल्यासारखा.
भोक नाही, टाका नाही, औषध नाही,
संमतीपत्रावर तसं छापलंय.
त्यांनी ते दोनदा वाचलं.
मिल बंद झाली तेव्हाही एक कागद आला होता सहीला, म्हणाले.
तेव्हा वाचला नव्हता.

कानात घालायला बोळे दिले तर हसले.
बत्तीस वर्षं साचेखात्यात तेच, तिथल्याच कापसाचे.
तीनशे साचे एकदम धडधडायला लागले की
देव हाक मारायला आला तरी त्याचे नुसते ओठ दिसणार.
म्हणून हात.
अंगठा तर्जनीवर घासला: धागा तुटला.
तळवा कपाळाला: साहेब येतोय.
खांद्यामागे दोन बोटं: चहा, मागच्या दारानं.

आमच्या पडद्यावर एक बाई, मानेपासून खाली.
आवाज म्हणतो, गोल.
हात दाखवतात, उंच.
हाताचं आम्ही विचारतच नाही.
विचारतो एवढंच, आवाज बाईचा की पुरुषाचा?
डावं बटण, उजवं बटण.
तरी शब्द एक आणि हात दुसरा असला
की माणूस अडखळतो,
पापणी लवायच्या दहाव्या हिश्श्याइतका.
न विचारलेला हात मध्ये येऊन उभा राहतो,
आमंत्रण नसलेल्या मेव्हण्यासारखा.

मग डाव्या भुवईच्या टोकामागे
टक टक टक,
आणि काही क्षण ते अडखळणं जातं.
लोक झटपट बटण दाबतात.
मॅडम याला परिणाम म्हणतात.
मला वाटतं, तेवढा वेळ हात मुका होतो.
किंवा आपण बहिरे.

इंगोलेकाकांचं अडखळणं गेलं नाही.
तिन्ही फेऱ्यांत नाही.
कॉइल दोन मिलिमीटर सरकवली, तरी नाही.
मॅडमनी वहीत लिहिलं: वगळावं. वय जास्त.
कदाचित डोकं हललं असेल.

टोपी काढताना मी विचारलं, कसं वाटलं?
ही मशीन पण मिलचीच दिसते बाई, म्हणाले,
आवाज वाढला की अपनी नजर
आपोआप हातावर जाते.

अडीचशे रुपये, पाकिटात.
पावतीही दोनदा वाचली.

फाटकासमोर सिटी बस, ई-रिक्षा, कुणाची तरी वरात.
पलीकडच्या फुटपाथवरून त्यांनी वळून
पाची बोटं जुळवली,
मनगटातून अर्धी फिरवली,
सोडून दिली.
धागा नव्हता तो, साहेब नव्हता, चहा नव्हता.
मला तीनच शिकवले होते.
मी आपला टाटा केला.
त्यांनी मान डोलावली,
उत्तर चालण्यासारखं असावं.

परदेशीपुऱ्याच्या टेंपोत
मांडीवरच तो इशारा करून बघत होते,
बोटं जुळवायची, अर्धी फिरवायची, सोडायची,
तर समोरची एक म्हातारी
माझ्या हाताकडे बघत राहिली,
मग काही न बोलता पिशवी मांडीवर घेऊन
सरकली,
आणि मला शेजारी जागा करून दिली.