हिशेबाच्या वहीत, उलटीकडून

शहापुरात सासरी, मागाच्या खड्ड्याशी बसून
चंपाक्का कांड्या भरायची
आणि सुताच्या हिशेबाची वही पालथी करून
शेवटच्या पानावरून सिनेमे लिहायची.
सगळे एकीचेच.

त्या एकीचं नाव पोस्टरवर, तिरक्या इंग्रजीत.
अक्कानं ते वाचलं नाही कधी. 'बिळी' म्हणायची.
बिळी म्हणजे पांढरी, कानडीत;
शेजारच्या नीलव्वानं आधी म्हटलं, ते राहिलं.

रविवारी सकाळी साडेनऊचा खेळ, कॅम्पात.
मागे खुर्च्यांवर मिलिटरीतले आणि कॉन्व्हेंटच्या टीचर,
पुढे बाकावर, ढेकणांसकट,
नीलव्वा आणि अक्का, ओच्यात भाजलेल्या शेंगा.
बाहेर पाट्यांना डांबर फासणं चाललेलं,
आज या अक्षरांना, उद्या त्या.
आत बिळी बोलायची
ते दोघींना अगदी सारखंच कळायचं नाही.

वहीत असं आहे:
टोपीचा.
घाटात मोटार बंद पडते तो.
आंधळ्या पोराचा, दोनदा.
नवरा चांगला असतो तो.
मरते तो. (बाजूला दुसऱ्या शाईत: परत बघू नये.)
लबाड बिळीचा. पैसे वसूल.
जिन्याचा.
जिन्याचा.
मग पाणी सांडलेलं अर्धं पान, त्यात नुसतं 'पाय',
कुणाचे ते कळत नाही.
जिन्याचा. जिन्याचा. असा एकूण सात वेळा.

त्यात म्हणे ती शेवटी जिना उतरते.
हातात मोजे, पेटी नाही.
वर कठड्याशी नवरा.
चार पायऱ्या उरल्यावर ती थांबते
आणि मान न वळवता एक वाक्य बोलते.
अक्का म्हणायची, ते वाक्य असं:
तुझ्या उंबऱ्याचं देणं फिटलं.
नीलव्वा म्हणायची, छे,
ती म्हणते दिवेलागणीपर्यंत येते.
यावरून दोघी महिनाभर बोलल्या नाहीत.

सातव्यांदा बघून आली त्या आठवड्यात
अक्कानं शहापूर सोडलं
आणि वडगावला आमच्या घरी आली.
अंतर किती, तर एक मैल.
वारा तिकडून असला की
नवऱ्याच्या मागाचा खटका ओळखू यायचा तिला.
'धागा तुटलाय त्याचा,' म्हणायची,
आणि आपली कांडी भरायची.
नीलव्वा तिच्या घरी राहिली. दिवे लावत राहिली.
दोन वर्षांमागे गेली.

यंदा मला तो सिनेमा फोनवर सापडला.
नावावरून नाही, नाव कुणाला माहीत;
जिना, मोजे, असं शोधत शोधत.
खाली अक्षरं पळत होती. मी वाचून सांगू लागलो
तर अक्कानं हात वर केला. गप्प.
तासभर नुसती बघत राहिली,
चष्मा काचेला टेकेल इतकी जवळ.
मग जिना आला.
मोजे. कठडा. चार पायऱ्या.
'थांब. आता सांग. काय म्हणूलालीय ती?'

मी वाचलं. परत वाचलं.
खोटं सांगावं असं मनात आलं, आलंच.
पण पंचेचाळीस वर्षं थांबलेल्या बाईला
काय म्हणून फसवायचं?
'म्हणते, कुत्र्याला कुणी खायला घातलं का.'

खिडकीबाहेर यंत्रमाग.
आता सगळ्यांचा आवाज एकच, कुणाचा कुठला कळत नाही.
'मागं घे,' म्हणाली.
घेतलं. परत घेतलं.
तिसऱ्या वेळी बिळीचे ओठ हलताना
अक्काचेही हलले, नेमके तेवढेच.

'बरोबर हाय की,' म्हणाली.
'मी बी म्हशीला पेंड घालूनच भायर पडलो.'

मग पदरानं फोनची काच पुसली,
सिनेमा संपून पाटी येईपर्यंत बघितलं,
आणि जरा रागावूनच विचारलं,
'आन् ते कुत्रं? दाखवलंच न्हाई?'
नाही, म्हटलं.
'दाखवायला पायजे होतं.'