तासाचा दर

समितीचा हिशेब माझ्याकडे असतो,
म्हणून पहिली कुरकुर माझीच होती:
तासाला एकशे ऐंशी युरो?
एवढ्यात तंबूचं भाडं निघतं, वर सँडविचं.
कोलमनचा भाचा एन्डा फुकटात उडवतो म्हणाला होता.
नाताळात मिळालेला ड्रोन आहे त्याच्याकडे,
तोच, जो त्यानं चर्चच्या पन्हाळीत अडकवला
आणि शिडी आम्ही आणली.

डर्वला किओहेननं आधी कागद पाठवले.
परवान्याची प्रत, विम्याची प्रत,
शेताचा नकाशा, त्यावर लाल पेन्सिल:
घोड्यांपासून पन्नास मीटर लांब.
गर्दीच्या डोक्यावरून नाही.
हॅनरहनबाईंच्या परसावरून नाही,
कारण त्यांनी हो म्हटलेलं नाही.
मी विचारलं, आपण कॅमेरा भाड्यानं घेतोय
की नकार?

फेब्रुवारीतला रविवार, कॉर्कच्या उत्तरेला,
गावची नांगरटीची स्पर्धा.
समुद्रावरून वारा असा, की टोप्या हातातच.
ती आली, पिवळं जाकीट,
मुठीएवढा पंखा वर धरला,
आकडा वाचला, पेटी मिटली.
आत्ता नाही.
बारा वाजता पुन्हा पंखा. आत्ता नाही.
दोनला नुसतीच मान हलवली.
ती गाडीत बसून फ्लास्कमधला चहा पीत होती
आणि मी घड्याळाकडे बघत
मनातल्या मनात गुणाकार करत होतो.

खाली ट्रॅक्टर चालले होते,
दोरी मारल्यासारखे तास पाडत.
घोड्यांचा नांगर एकच, बार्टलीचा.
वय एक्याऐंशी, लगाम खांद्यावरून,
डावीकडे बेस, उजवीकडे तिची लेक.
त्याचा तास मध्यावर जाऊन वाकला,
थोडा, कोपर दुमडावं तितका,
मग पुन्हा सरळ.
दुसराही तिथंच. तिसराही.
कोलमन परीक्षक. गुडघ्यावर बसला,
काठी लावली, आठ गुण कापले.
बार्टली म्हणाला, बेस वळली.
मी तिच्याशी वाद घालत नाही.

बक्षिसं वाटून झाली. तंबू घडी झाला.
साडेपाचला वारा पडला,
जसा एखादा पाहुणा न सांगता उठून जातो.
डर्वला उतरली. एन्डाला म्हणाली,
मी पडद्याकडे बघणार, तू आभाळाकडे.
काही आलं तर ओरड.
तो असा उभा राहिला,
जणू आभाळ त्याच्या नावावर केलंय.

अकरा मिनिटं.
माणसं नाहीत, घोडे नाहीत, नुसतं शेत.
मी म्हणणारच होतो,
जेवणं उरकल्यावर लग्नाचा फोटो काढतेस का,
तेवढ्यात तिनं पडदा आमच्याकडे वळवला.

तिरक्या उन्हात उलटलेली माती
आणि तिच्यात एक कडं.
काळसर, गोल, टेबलावर ओला पेला ठेवून
कुणी उचलावा तसं.
जुना खंदक असणार, ती म्हणाली.
कधीतरी कुणाचं तरी घर आत होतं, गुरं होती,
मग बुजवला, मग सगळे विसरले.
ट्रॅक्टरचे तास त्यावरून सरळ गेले होते,
एकानंही दखल न घेता.
फक्त बार्टलीचे, कड्याला लागताच,
त्याच्या कडेनं थोडे वळलेले.

कोलमननं चष्मा पुसला. पुन्हा घातला.
गुण परत दिले नाहीत, नियम तो नियम,
पण घरी जाताना बार्टलीचं जू
त्यानंच उचलून गाडीत टाकलं.
बार्टलीनं पडदा शेवटी पाहिला, डोळे बारीक करून.
म्हणाला, हे बेसला दाखवा.

बिल मंगळवारी आलं. एका तासाचं.
दिवसभर ती थांबली होती, त्याचं काही लावलं नव्हतं.
मी चेक लिहिला. मग वहीत:
तास, एक.
सरळ की वाकडा, असा रकाना
आमच्या वहीत नाही.