छतातली मुळं

नकाशाच्या खोलीत माझं टेबल उत्तरेच्या खिडकीशी होतं.
बाहेर मेंढ्या, झुडपांची कुंपणं, सफरचंदांच्या बागा,
सॉमरसेटची ती हिरवी, आज्ञाधारक जमीन.
तिच्याकडे बघून कुणाला वाटू नये
की हिच्या पोटात काही बिनसलंय.

वरची चुनखडी सपाट. तिच्याखालची तांबडी माती, तीही सपाट,
मोडक्या टेबलावर पाहुणे यायच्या आत चादर घालावी तशी.
आणि चादरीखाली आमचा कोळसा:
चौदा इंच जाड,
मुडपलेला, पिळलेला, अंगावरून अंग काढलेला.
दक्षिणेकडून काहीतरी रेटत आलं होतं म्हणतात.
बघायला कुणी नव्हतं, घाई कुणालाच नव्हती.

मी मात्र पट्टी लावून तो सरळ काढला.
तीन थर, तीन शाया.
थोरली, मधली, धाकटी:
नावं मालकाच्या आजोबांनी ठेवलेली.

एकोणीसशे अकराच्या फेब्रुवारीत मधली हरवली.
काल होती; आज कुदळीपुढे करडा, मुका खडक.
सात आठवडे शोधली.
ब्रिस्टलहून एक शहाणा माणूस आला,
कोरड्या बुटांनी उभा राहून म्हणाला, संपली.
सात आठवडे कीझाया पॅडफील्डनं
चहाची तीच पत्ती उकळली.

तिच्या नवऱ्याला, जेथ्रोला, सही येत नव्हती.
तो मला खाली घेऊन गेला, पोटावर सरपटत,
आणि मधलीच्या तोंडाशी दिवा वर धरला.
काय दिसतं?
दगड, मी म्हणालो.
हात लावा.

बोटांना लागल्या दोऱ्या. जाड, बारीक, फुटवे फुटलेल्या,
सगळ्या वरच्या बाजूला निघालेल्या.
मुळं.
ज्या चिखलात ते रान उभं होतं
तो चिखल आमच्या डोक्यावर,
आणि नेच्यांची पानं, जी छतात असायची,
ती माझ्या कोपरांखाली, शिरेन्‌शीर शाबूत.

बारा वर्षं या छताखाली राबतोय, जेथ्रो म्हणाला,
कुणी विचारलं नाही.
ती संपली नाही, साहेब. कूस बदललीय तिनं.
पुढं नका खणू. मागं, वर.

अकरा यार्डांवर सापडली.
घडीच्या कोपऱ्यात कापड गोळा होतं
तसा वळणावर कोळसा साठला होता, चार फूट.
ईनॉस टोवी, वय तेरा,
कमरेला दोरखंड, पायांमधून साखळी, मागे कोळशाची घसरगाडी,
(दोर कातडीत रुतला की पोरं त्यावर मुततात, घट्टा पडावा म्हणून)
तो तिथे पोचला आणि बसला.
पाठ सरळ करून. काही बोलला नाही.
मुकादमानं हाक मारेपर्यंत बसून राहिला.

मी नवा कागद घेतला.
थोरली खाली उतरते, वळते, उलटी होऊन मधली होते,
पुन्हा वळते, धाकटी होते.
विहीर एकाच थराला तीनदा भोसकून गेली होती
आणि आम्ही तीन नावांनी हाका मारत होतो.

शनिवारी ईनॉस खिडकीशी आला. मी यात कुठंय, म्हणाला.
एक इंचाला शंभर फूट, मी समजावलं;
या प्रमाणात माणूस काढता येत नाही,
टाकाचा ठिपकासुद्धा तुझ्याहून मोठा.
त्यानं ऐकून घेतलं. मग वळणावर बोट टेकवलं,
इथं, आणि उचललं.

डाग निघाला नाही. मी पाव चोळला, रबर चोळलं.
नक्कल करायला कागद ब्रिस्टलला गेला,
तिथल्या कारकुनाला तो खडकातला भंग वाटला.
त्यानं त्याची कड नीट, लाल शाईनं,
तुटक रेषेत आखून पाठवली.

मी दुरुस्त केलं नाही.