विषय सातवा

विषय सातवा : उद्यानांतील निवाऱ्यांचे आरक्षण शुल्क.
सभागृहात इनमीन अकरा माणसं.
सात सभासद, एक मी इतिवृत्त लिहिणारी,
दोघं आठव्या विषयासाठी थांबलेली,
बर्फ उपसण्याच्या थकलेल्या बिलासाठी,
आणि ऑरिन ट्वेट, जो मार्चपर्यंत एकही सभा चुकवत नाही
कारण घरी हीटर लावणं परवडत नाही.

मार्लिसबाई कागद वाटतात.
गेल्या वर्षी निवाऱ्यांतून आले तीन हजार एकशे चाळीस डॉलर,
गेले नऊ हजार दोनशे :
साबण, दिवे, रंग,
आणि कुणाच्या तरी पोरानं शेगडीत टाकलेला फटाक्यांचा डबा.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
मी लिहिते : खर्चाची वसुली चौतीस टक्के.

ऑरिन उठतो. नागरिकांना तीन मिनिटं.
"दोन नंबरच्या शेडचं काँक्रीट मी ओतलंय.
एकाहत्तर साली, कागद गिरणी बंद होती त्या आठवड्यात. फुकट.
पूर्वेच्या खांबापाशी माझ्या कुत्र्याचा पंजा उमटलाय.
त्याचं भाडं किती धरलंत?"
कुणीतरी हसतं.
त्याची दोन मिनिटं उरतात, ती तो उभ्यानंच संपवतो.
मी लिहिते : श्री. ट्वेट यांनी मत मांडले.

शहरवासीयांना पस्तीस, बाहेरच्यांना साठ.
"बाहेरचे म्हणजे कोण?" केल्सी ब्राँट विचारते,
सभेत नवी आहे, अजून विचारते.
"ओढ्यापलीकडचे," अध्यक्ष म्हणतात.
पडद्यावर नकाशा येतो.
हद्द मोरीच्या बरोबर मधून जाते,
अलीकडे आपण, पलीकडे ट्रेलरची चाळीस घरं,
ज्यांची मुलं आपल्या शाळेत,
ज्यांचं सांडपाणीसुद्धा आपल्याच नळांतून वाहतं.
बाजूनं चार, विरुद्ध तीन.
ठराव मंजूर.

इतिवृत्तात हे नाही :
येसेनिया ओढ्यापलीकडे राहते.
पहाटे सहाला मोरी ओलांडून येते,
कमरेच्या किल्लीनं निवारा दोनचं कुलूप काढते,
टेबलं पुसते, संडास धुते,
तासाला साडेतेरा.
साठ म्हणजे किती तास,
हा भागाकार कुणी मागितला नव्हता.

जूनमध्ये ती माझ्या खिडकीशी आली.
दायानाचा सातवा वाढदिवस, शनिवार, दुपार.
मी दर वाचून दाखवला,
जसा सगळ्यांना दाखवते, बोट ओळीखाली ठेवून.
"बरं," म्हणाली.
अर्जाची चार पदरी घडी घातली, खिशात ठेवली.
मागे पोस्टमन उभा होता.

शनिवारी मी तिथून गेले. मुद्दामच.
छपरापासून अकरा पावलांवर, गवतात,
दोन मेपलच्या मध्ये निळी ताडपत्री,
एक केक, माश्या, टबात बर्फ.
निवारा दोन रिकामा. कुणाचंच आरक्षण नाही.
मुलं पकडापकडी खेळत काँक्रीटच्या कडेपर्यंत धावायची
आणि तिथे पाणी असावं तशी थबकायची.
एकानं एक पाय ठेवला वर,
घरच्यांकडे पाहिलं,
काढून घेतला.

मग वारा आला, कागदी ताटल्या छपराखाली उडाल्या.
येसेनिया एकटी आत गेली.
ताटल्या गोळा केल्या,
आणि हात तिथे होताच म्हणून
सहाही टेबलं पुसली.

सोमवारी कुणाचा तरी फोन.
पुढच्या सभेचा विषय नववा मीच टाइप केला :
मोकळ्या हिरवळीवरील मेळाव्यांवर शुल्क,
पंधराहून अधिक व्यक्ती असल्यास.

गाडीत बसून मी मोजले होते.
तान्ह्या बाळासकट एकोणीस.

पंधरा खोडून वीस केले.
मंगळवारी सातही जणांनी कागद उलटला,
कुणी काही विचारलं नाही.