आठ नंबरचा टॉवेल

अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यात
डेन्मार्कची ऑर्डर दर उन्हाळ्यात यायची.
पहिल्या वर्षी त्याचा आकडा सव्वीस.
राव्न. इंग्रजीत चारच अक्षरं, निळा दोरा.
म्हटलं, नवं पोरगं दिसतंय,
बाकावरच बसत असेल.

मग चौदा. मग आठ.
आठ काढायला बरा,
सुई फिरून, दोरा न तोडता, होती तिथं येते.
मागावरचा नरसय्या म्हणाला,
मधल्या फळीतला आहे तो,
गोल फारसे नाही करत,
धोट्यासारखं इकडचं तिकडं पोचवतो.

एक वर्ष यादीत नावच नव्हतं.
गुडघा गेला, की क्लब बदलला?
कुणाला विचारणार?
निळं रीळ डब्यात तळाशी ठेवलं.

परत आला
तेव्हा माझ्या चष्म्याचा नंबर वाढला होता.

यंदा एकच टॉवेल. मोठा, पांढरा.
आठ. राव्न. खाली टी, ए, के.
मी वाचलं, टाक.
संध्याकाळी होम मैदानावर
माझा साईचरण हेच तर ओरडत असतो,
टाक की बे, मोकळा हाय मी!

साहेब म्हणाले, त्यांच्या भाषेत ते आभार.
असेल.
मी दोरा कापला,
गाठ आत ढकलली.