रेग्युलर

भायखळ्याच्या पालिका शाळेत
चौथीच्या बाकाखाली गुडघे मावेनात.
ओळीत चार वर्तुळं, लिफ्टच्या बटणांसारखी;
एक काळं करा, बाकीची सोडा.
हाताला सवय होतीच.

मशीनला माझं वय दिसलं नाही,
खाकी शर्टही नाही.
तेवढ्यापुरतं ते बरं.
पण कोण कुठल्या मजल्यावरून
डोळे पुसत उतरतं
हे त्याने विचारलं नाही.
त्याचे मार्क कुठेच नाहीत.

मुक्त विद्यापीठाचं बी.ए. प्लास्टिकच्या पिशवीत घालून
नवव्यावर गेलो, कारकुनाच्या जागेसाठी.
साहेबांनी कागद उजेडात धरला, नोटेसारखा.
"घाडीगावकर, रेग्युलर केलंत की एक्स्टर्नल?"

बावीस वर्षं, आठाच्या ठोक्याला,
एकही खाडा नाही.

"रेग्युलर," म्हणालो,
आणि त्यांना खाली जायचं होतं म्हणून
दार धरून उभा राहिलो.